मामांची भिजलेली पुस्तकं : जुलै ते दसरा, शिवता शिवता वाचल्याच्या नोंदी

१२ जुलै २०२५, शनिवार

ठाण्यात चरईतली मामांची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि घर रिकामं करताना पोटमाळ्यावरून दोन गोणी निघाल्या. वरच्या स्लॅबमधून कधीपासून पाणी झिरपत होतं ते कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मामा म्हणाले रद्दीवाल्याला बोलावतो. मी म्हटलं मामा तुम्ही थांबा जरा, मी बघते आणि मग काय, रिक्षात दोन्ही गोणी टाकून वर्तकनगरला आणल्या. रिक्षात बुरशीचा जो वास भरला होता तो अजून नाकात आहे.

रात्री हॉलमध्ये जुनी चादर टाकून मोजलं. ३१ कादंबऱ्या, २२ इंद्रजाल कॉमिक्स, ७ चांदोबा, मामेभावाची टिनटिनची तीन कॉमिक्स, एकूण ६३. कोरडी फक्त ११, ती सगळी गोणीच्या मधली. बाकी काही नुसती दमट आणि काही इतकी ओली की दाबलं की पाणी येतंय.

हे काम मी पहिल्यांदाच करतेय म्हणून सगळं लिहून ठेवणार. पावसाळ्यात ठाण्यात कोणाकोणाच्या घरी हे होतच असतं, त्यांना माझ्या चुका तरी टाळता येतील. एक नियम आजच ठरवला, जे पुस्तक शिवायला घेईन ते आधी पूर्ण वाचायचं. मामांच्या भाड्याच्या घरात एकच कपाट आहे, ६३ मावणार नाहीत, तेव्हा कुठलं राहणार ते वाचूनच ठरवायला लागेल.

१३ जुलै, रविवार

पहिली चूक, आणि सगळ्यात महागात पडलेली. सकाळी दोन तास कडक ऊन पडलं म्हणून नऊ पुस्तकं खिडकीच्या ग्रिलमध्ये उघडून ठेवली. दुपारपर्यंत पुठ्ठे धनुष्यासारखे वाकले, पानं लाटांसारखी झाली आणि कडेने पिवळी पडली. उन्हात वरचं पान पटकन सुकतं, आतलं ओलंच राहतं, दोन्ही वेगवेगळी ताणली जातात. सावलीत, पंख्याखाली, हळूहळू, दुसरा रस्ता नाही.

दुसरी चूक संध्याकाळी. पाणी शोषायला पानांमध्ये रोजचं वर्तमानपत्र घातलं. तासाने काढलं तर 'स्वामी'च्या पान ४० वर कुठल्यातरी फ्लॅटच्या जाहिरातीची उलटी अक्षरं उमटलेली. ती आता जाणार नाहीत. कोरा न्यूजप्रिंट घ्यायला हवा होता, जांभळी नाक्याला कागदवाल्यांकडे किलोवर मिळतो.

१५ जुलै, मंगळवार

कोरा न्यूजप्रिंट ३ किलो, ₹२७०. दर दहा पानांनी एक कागद, दर दोन तासांनी बदलायचा, रात्री अलार्म लावून दोनदा उठले. सगळी पुस्तकं एकदम जमणारच नव्हती म्हणून जास्त ओली १४ झिपच्या पिशव्यांमध्ये घालून फ्रीजरमध्ये टाकली. गोठवलं की बुरशी वाढायची थांबते, नंतर एकेक काढून सुकवता येतं. सासूबाईंनी फ्रीजर उघडला आणि मटारच्या बाजूला 'मृत्युंजय' बघून थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, मटार मी शेजारच्या वहिनींकडे ठेवते, तुझं होऊ दे. माझं निम्मं काम त्यांनी तिथेच केलं.

बुरशीबद्दल एक सांगते. मी पहिल्या पुस्तकावर ओल्या फडक्याने पुसली, ती पानात आणखी रुतली आणि हिरवट डाग कायमचा बसला. आधी पूर्ण सुकू द्यायची, मग गॅलरीत मास्क लावून मऊ ब्रशने झटकायची.

२० जुलै, रविवार

इंद्रजाल सुकली. स्वस्त कागद असल्यामुळे पटकन सुकतात पण पिना गंजून पानांना भोकं पडलीयेत. पिना काढायला बटर नाइफ चालतो, हलक्या हाताने पाय सरळ करायचे आणि मागून ढकलायचं. मी पहिल्या दोन घाईने ओढल्या आणि मधलं जोडपान फाटलं. नंतर परत पिन मारायची नाही, घडीत तीन भोकं पाडायची, जाड दोऱ्याला मेण चोळायचं, मधल्या भोकातून आत, वर, खाली आणि परत मधून बाहेर, गाठ. एकाला सात मिनिटं लागतात आता, पहिल्याला चाळीस लागली होती.

आठवडाभर ही २२ वाचत होते. इंद्रजाल १९६४ ला सुरू झालं आणि १९९० ला बंद पडलं, मामांनी शाळेत असल्यापासून घेतलेली आहेत ही. मीही लहानपणी सुट्टीत चरईला गेले की पोटमाळ्यावर चढून हीच वाचायचे आणि त्यातला वेताळ (इंग्रजीतला फँटम) म्हणजे माझ्यासाठी देव होता. आता वाचताना घशात अडकला. डेंकालीचं जंगल, तिथले लोक, त्यांचे बाण, त्यांचं विष, सगळं त्यांचं, आणि राज्य मात्र एका गोऱ्या घराण्याचं, बापामागून मुलगा असे एकवीस, आणि जंगलातल्या लोकांना वाटतं हा एकच माणूस अमर आहे. म्हणजे चारशे वर्षं त्यांना कोणी खरं सांगितलंच नाही. लहानपणी मला तो बुरखा आणि कवटीची अंगठी दिसायची, बाण मारणारी माणसं दिसायचीच नाहीत. चित्रं अजून ताकदीची आहेत हे मान्य, कवटीच्या गुहेतला अंधार नुसत्या काळ्या शाईने काय उभा केलाय. पण कथा म्हणून मला आता तो नायक वाटत नाही.

मँड्रेक जादूगार तर नाहीच जमला. दर वेळी हात फिरवून संमोहन केलं की गोष्ट संपली, मग वीस पानं धाकधूक कशासाठी करायची.

बहादूर मात्र बसला. १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी उभा केलेला, भगवा कुर्ता आणि जीन्स, बाप डाकू आणि मुलगा गावाचं रक्षण करणारं नागरिक दल काढतो. त्यात चंबळच्या बाजूची धूळ आहे, गाव आहे, घाबरलेला सावकार आहे आणि मुख्य म्हणजे लोक स्वतः उभे राहतात, कोणी गुहेतून येऊन वाचवत नाही. मामांना फोन केला, तर म्हणाले, "अगं, आम्ही वेताळासाठी भांडायचो, बहादूर उरला तर घ्यायचो." मी म्हटलं मामा मी उलटं करणार आहे. सगळी बहादूर शिवली, वेताळातली चारच, बाकीची नुसती कव्हरमध्ये.

२७ जुलै, रविवार

टिनटिन गेली. तीनही. सगळ्यात जास्त वाईट ह्याचं वाटतंय म्हणून सविस्तर लिहिते.

गुळगुळीत कागदाची पुस्तकं ओली असताना बंद सुकली तर कागदावरचा थर विरघळून एकमेकांना चिकटतो आणि मग विटेसारखा एकच ठोकळा होतो. हे मला माहीत नव्हतं. मी ती शेवटी करू म्हणून बाजूला ठेवली, मोठी आणि रंगीत आहेत तर दणकट असतील असा हिशोब. खरं तर तीच सगळ्यात आधी, ओली असतानाच, एकेक पान सोडवून मध्ये कागद घालायला हवी होती किंवा सरळ फ्रीजरमध्ये. आज वाफेच्या इस्त्रीने सोडवायचा प्रयत्न केला, चार तास. पानं सुटली पण चित्राचा रंग समोरच्या पानावर गेला.

तिबेटवालं ('टिनटिन इन तिबेट') होतं त्यात, १९६० चं. त्यातली बर्फाची सात आठ पानं धड निघाली आणि ती मी तशीच जमिनीवर मांडून वाचली. बाकीच्या टिनटिनमध्ये कोणीतरी खलनायक लागतो, पिस्तूल लागतं, पाठलाग लागतो. ह्यात कोणीच वाईट नाही. फक्त एक मित्र हरवलाय, सगळे म्हणतात मेला, आणि हा पोरगा टिनटिन म्हणतो नाही, जिवंत आहे. तेवढ्यावर एवढं पुस्तक, आणि पानंच्या पानं पांढरी. त्याचा सोबती कॅप्टन दोरीला लटकलेला असताना दोर कापायला निघतो, टिनटिनला वाचवायला स्वतः पडायला तयार होतो, तो प्रसंग माझ्याकडे अर्धाच उरलाय. मामेभावाला बंगलोरला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ दे गं ताई, मला पाठ आहे ते." तरी मला झोप लागली नाही.

३ ऑगस्ट, रविवार

आतापर्यंतचा खर्च : न्यूजप्रिंट ₹२७०, झिपच्या पिशव्या ₹१८०, मास्क आणि ब्रश ₹१९०, दाभण आणि सुया ₹७०, दोरा आणि मेण ₹११०. एकूण ₹८२०. वेळ मोजायचा तर साधारण ६० तास, त्यातले वीसेक चुकांमध्ये.

आज कोपरीत एक बाइंडर काका सापडले, जुन्या वह्या, कोर्टाची रेकॉर्डं बांधतात. एका पुस्तकाचे ₹२५० सांगितले. २७ कादंबऱ्यांचे काम निघतं, पावणेसात हजार, नाही परवडत. तसं स्पष्ट सांगितलं तर म्हणाले, बसा, बघा, शिका. सहा फॉर्मे (घडी घातलेल्या कागदाचे सोळा सोळा पानांचे गठ्ठे) त्यांनी माझ्यासमोर शिवले. त्याला ते जुजबंदी म्हणतात, प्रत्येक फॉर्मा घडीतून शिवायचा आणि मागच्या फॉर्म्याला गाठीने अडकवायचा. त्यांचा हात बघत राहावा असा आहे, दोरा ओढताना तो कागदाच्या वर नाही, कागदाच्या दिशेने ओढतात, त्यामुळे घडी कापली जात नाही. मी घरी तेच सरळ वर ओढत होते आणि म्हणून माझ्या घड्या फाटत होत्या.

खळीचं पण त्यांनीच सांगितलं. मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत. ते त्यात मोरचूद घालतात, किडा लागत नाही म्हणून. मी घातलं नाही, ते विष आहे आणि आमच्याकडे भाचा सुट्टीला येऊन सगळ्याला हात लावतो. मोरचूद नाही तर पावसाळ्यात खळ दोन दिवसात आंबते, माझी आंबली, कणाभर उरलेली वापरली तर पुस्तकाला वास लागला. वाटीभरच करायची, रोज ताजी.

आणि लाकूड चिकटवायचा पांढरा गम पुस्तकाच्या पाठीला दाट लावू नका. मी 'गारंबीचा बापू'ला लावला, सुकल्यावर पुस्तक उघडेनाच, जोर लावला तर मधोमध काडकन तडा. पाणी घालून पातळ करून, वर जाळीचं कापड, त्यावर परत पातळ हात. बापू आता दोन तुकड्यांत आहे. वाचलं मात्र पूर्ण, आणि त्यातली राधा मला बापूपेक्षा दहापट आवडली, तिच्यासाठी परत शिवणार.

१० ऑगस्ट, रविवार

'रणांगण' वाचून झालं, एका बैठकीत, आणि नंतर सुई हातात घेववेना.

१९३९ चं पुस्तक. युरोपातून निघालेली बोट, युद्ध तोंडावर आलेलं, बोटीवर जर्मनीतून हाकललेले ज्यू, आणि आपला चक्रधर. मला वाटलं होतं जुनं आहे, भाषा जड असेल. एक ओळ जड नाही. चक्रधर हा चांगला माणूस नाही, बायकांबद्दल मनात कडवटपणा भरलेला आहे, आणि विश्राम बेडेकर त्याला कुठेही सांभाळून घेत नाहीत. त्या ज्यूंमधली हॅर्टा त्याच्यासमोर येते तेव्हा तिच्याकडे ना देश आहे ना घर, आणि तरी प्रेम करायची धमक तिच्यातच आहे, ह्याच्यात नाही. मुंबई आली की हा उतरणार आणि ती पुढे जाणार हे दोघांना पहिल्यापासून माहीत आहे. शेवट इथे लिहीत नाही, ज्यांनी वाचलं नाही त्यांनी वाचावं. मी रात्री एकला पुस्तक बंद केलं आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले, पाऊस चालू होता.

एवढंसं पुस्तक, मामांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या पाव जाडीचं. ह्याला मी सगळ्यात चांगलं कापड लावणार, निळं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

पाऊस वेड्यासारखा, ऑफिसने घरून काम सांगितलं. मिटिंगांच्या मधे शिवलं, मिटिंग संपल्यावर वाचलं.

'मृत्युंजय'चं सांगायला पाहिजे कारण ह्यात माझी मोठी चूक झाली आणि ती नुसती शिवणाची नाही. हे मामांचं सगळ्यात लाडकं पुस्तक, १९६७ चं, त्यांनी पहिल्या पगारातून घेतलेलं. चाळीसच्या वर फॉर्मे. नियमाप्रमाणे आधी वाचलं आणि मामांना फोनवर सरळ सांगितलं की मला नाही आवडलं. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण सगळे स्वतःची गोष्ट सांगतात पण सगळे एकाच आवाजात, तेच सूर्य, तेच सागर, तीच उपमांवर उपमा. मामा म्हणाले, "तू वाचलंस की उरकलंस?" मी म्हटलं वाचलं मामा, शपथेवर.

आज बाइंडर काकांना दाखवायला शिवलेला ठोकळा नेला. त्यांनी दोन मिनिटं पानं उलटली आणि म्हणाले, ताई, तेवीस आणि चोवीस उलटे लागलेत. सुकवताना मी फॉर्मे अदलाबदल केले होते, तसेच वाचले आणि तसेच शिवले. बत्तीस पानं उलटसुलट वाचून मला पत्ता लागला नाही. जुन्या पुस्तकात प्रत्येक फॉर्म्याच्या पहिल्या पानाखाली कोपऱ्यात बारीक आकडा असतो तो क्रम लावण्यासाठीच असतो, तो बघायचा, मी बघितलाच नाही. शिलाई उसवून परत लावायला तीन तास गेले. पण मला लाज वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. मामा बरोबर बोलले होते, मी उरकलं होतं.

२४ ऑगस्ट, रविवार

परत वाचलं, पाच दिवस, ह्या वेळी पेन्सिल घेऊन. उपमांबद्दलचं माझं मत तेच आहे, शंभर पानं सहज कमी चालली असती आणि सगळे एकसारखे बोलतात हेही खरंच आहे. पण कुंती जिथे बोलते तिथे मी पहिल्यांदा नुसती पळाले होते. नदीत सोडलेलं पोर पुढे डोळ्यांसमोर मोठं होतं आणि बोलता येत नाही, हे शिवाजी सावंत घाई न करता लिहितात, आणि त्या जागी ती मोठी मोठी वाक्यं मला जड नाही वाटली. मामांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मी ते वाचलं तेव्हा आई नुकतीच गेली होती." हे मला माहीत नव्हतं. मी काही बोलले नाही, मामापण बोलले नाहीत, मग त्यांनी विचारलं की पाठीला कापड कुठल्या रंगाचं लावतेयस.

३१ ऑगस्ट, रविवार

गणपतीमुळे चार दिवस सगळं पलंगाखाली. पाहुण्यांमध्ये एक एक करून वाचत होते.

'स्वामी'. १९६२, रणजित देसाई. माधवराव पेशव्यांचं आजारपण, काका-पुतण्याचं भांडण, दरबार, सगळं मस्त, थेऊरची शेवटची पानं तर अंगावर येतात. पण रमाबाईंचं सती जाणं ज्या सुंदरतेने येतं ते मला सहन झालं नाही. इतिहासात घडलं, मान्य. लेखकाने ते बदलावं असं म्हणत नाही. पण वाचणारा भारावून जावा असं ते लिहिलंय आणि एक तरुण मुलगी जळतेय हे त्या फुलांमध्ये, चंदनामध्ये दिसेनासं होतं. घरी आलेल्या मावशी म्हणाल्या, आम्ही तिथे रडायचो. मी म्हटलं मावशी, मीपण रडले असते, पण मला राग आला. ठेवणार मात्र आहे, त्या जाहिरातीच्या डागासकट.

'धग' दोन दिवस बाजूला ठेवावं लागलं. उद्धव शेळके, १९६०. कौतिक राबते, राबते आणि राबते, नवऱ्याला महारोग होतो, पोरं हातची जातात. वऱ्हाडी बोली सुरुवातीला कानाला लागत नव्हती, मग मोठ्याने वाचायला लागले आणि लागली. इथे कोणी तिच्या कष्टाचं गुणगान गात नाही, बस ती उठते आणि कामाला लागते. 'स्वामी'नंतर लगेच वाचलं म्हणूनही असेल, पण रमाबाईंच्या पुढे मला कौतिकच दिसत होती. पुठ्ठा नवा, ₹३०, शिलाई माझी आतापर्यंतची सगळ्यात सरळ.

मिलिंद बोकीलांचं 'शाळा' (२००४) आधीही वाचलेलं होतं. सुऱ्या, चित्र्या, फावड्या ह्यांचं बोलणं इतकं खरं आहे की आमच्या वर्गातला मागचा बाक आठवतो. ह्या वेळी एक वेगळंच लागलं, शिरोडकर काय विचार करत असेल ते आपल्याला कधीच कळत नाही. गोष्ट सांगणारा जोशी तिच्याकडे बघतो, पाठलाग करतो, खिडकीतून वाट बघतो, आणि आपण त्याच्या बाजूने असतो. मी नववीत असताना एक मुलगा असाच क्लासपासून घरापर्यंत मागे यायचा, मला त्यात गोड काही वाटत नव्हतं, रस्ता बदलून जायचे मी. बोकीलांनी मुलाच्या डोळ्यातून लिहिलंय, तो त्यांचा हक्क आणि त्यात ते प्रामाणिक आहेत. पण शिरोडकरच्या बाजूनेही कोणीतरी लिहायला पाहिजे.

६ सप्टेंबर, शनिवार

'बनगरवाडी' उघडलं आणि शेवटचा फॉर्माच नाही. गोणीत, चादरीत, फ्रीजरमध्ये, सगळीकडे शोधलं. बहुतेक चरईलाच लगदा झाला असणार. दुष्काळ पडलाय, मेंढरं मरायला लागलीयेत आणि तिथे पुस्तक संपतं.

नवी प्रत विकत मिळते, महाग पण नाही. नवऱ्याने तेच सांगितलं. पण मामांच्या प्रतीत समासात त्यांनी तरुणपणी पेन्सिलने केलेल्या खुणा आहेत, ती प्रत पूर्ण करायचीय मला. झेरॉक्स नको, तो गुळगुळीत कागद ह्या कागदात शिवला तर वेगळाच दिसेल. म्हणून हाताने लिहून काढायचं ठरवलं. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे, मी तिथे मेंबर आहे. पण घरी आणून घाईत उतरवण्यापेक्षा तिथेच बसून लिहायचं. कागद काकांकडून घेतला, जुन्या हिशोबाच्या वहीतला कोरा, रंग जवळपास जुळतो. ₹६०.

१३ सप्टेंबर, शनिवार

साडेतीन तासांत पाच पानं. बोटं दुखली.

हाताने उतरवताना जे कळलं ते तीनदा वाचून कळलं नव्हतं. व्यंकटेश माडगूळकरांचं वाक्य छोटं असतं हे सगळेच म्हणतात. पण मी लिहिताना नकळत शब्द घालत होते. दोनदा असं झालं की ओळ वाचली, मान खाली घालून लिहिली, आणि परत बघितलं तर माझ्या ओळीत एक 'खूप' किंवा 'अगदी' जास्तीचा. त्यांच्यात नव्हताच. माझा हात आपोआप घालत होता, आणि तो शब्द खोडला की ओळ लगेच उभी राहायची. एवढा दुष्काळ, गाव ओस पडतंय, आणि लेखक एकदाही गळा काढत नाही. गोष्ट सांगणारा मास्तर बघतो, आपण त्याच्या मागे उभे राहून बघतो. १९५५ साली हे असं लिहिलं आणि त्यानंतर किती जणांनी खेडं लिहिताना नुसत्या विशेषणांचा पाऊस पाडला.

एक पान शाई पसरून वाया गेलं, जुना कागद शाई पितो. बॉलपेनने लिहा, जेलने नको.

२० सप्टेंबर, शनिवार

पुढची सहा. शेजारी एक आजोबा रोज येतात पेपर वाचायला, त्यांनी विचारलं परीक्षा आहे का. सांगितलं तर म्हणाले, आख्खं लिहून काढा मग. मनात आलं माझ्याही.

२७ सप्टेंबर, शनिवार

शेवटची पाच झाली. सोळा पानांचा फॉर्मा, पण माझं अक्षर मोठं, छापील सोळा पानं हाताने सोळात बसवताना ओळी दाटीवाटीने झाल्या, शेवटच्या पानावर तर दोन ओळींमध्ये बोट मावत नाही. आधी एक पान लिहून, ओळी मोजून हिशोब करायला हवा होता. घडी घातली, रात्रीच शिवला. दोरा काकांनी सांगितल्यासारखा कागदाच्या दिशेने ओढला, फाटलं नाही.

२ ऑक्टोबर, दसरा

अंतिम हिशोब. ६३ पैकी ३ टिनटिन पूर्ण गेली, २ कादंबऱ्यांचा लगदा, ५ चांदोबांची नुसती चित्रं बचावली ती फाइलमध्ये लावली. शिवून पूर्ण झालेल्या कादंबऱ्या २४, त्यातल्या ६ मला पटल्या नाहीत म्हणून नुसत्या दोऱ्याने बांधल्यात, पुठ्ठा नाही. नावं इथे देत नाही, त्या मामांना वेगळ्या दाखवणार होते. पुठ्ठे, कापड, जाळी, कागद धरून खर्च ₹२,३४०. काकांनी शिकवण्याचे पैसे घेतले नाहीत, त्यांना दसऱ्याचं सोनं आणि पेढे दिले. ज्यांना हे करायचंय त्यांनी पाच पुस्तकांपासून सुरुवात करा, एकदम साठ नको, आणि गुळगुळीत कागद सगळ्यात आधी हातात घ्या.

दुपारी मामांकडे नेली. पाटावर मांडून त्यांनी सरस्वतीबरोबर पुस्तकांची पूजा केली. पुठ्ठा नसलेल्या सहातली दोन त्यांनी उचलली आणि म्हणाले ह्यांना पण घाल, ही मला हवीत, तुझं मत तुझ्याकडे. बरोबर आहे, पुस्तकं त्यांची आहेत. पुढच्या रविवारी घालणार. 'रणांगण' मला राहू दे का विचारलं, तर ते निळं कापड दोनदा हातावरून फिरवून म्हणाले, "वाचून देतो."

मग 'बनगरवाडी' घेतलं, चष्मा लावला आणि मागून उघडलं. माझं अक्षर लागलं तिथे थांबले. कागदाला हात लावून बघितला, शिलाई बघितली, मग वाचायला लागले. मामी चहा ठेवून गेल्या, तो तसाच. तिसऱ्या पानावर त्यांनी मान न उचलता हात पुढे केला.

"पेन्सिल दे. इथे तू एक शब्द जास्तीचा घातलायस."